दवाखान्याचं बिल एकदा येतं, घरचा खर्च दर महिन्याला येतो: लकवा झालेल्या आई-वडिलांसाठी पैसा उभा करताना

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, लकवा झाला तेव्हा ते अकरा दिवस दवाखान्यात होते. त्या अकरा दिवसांत नातेवाइकांनी, अण्णांच्या भोसरीच्या कंपनीतल्या जुन्या सहकाऱ्यांनी आणि आमच्या धायरीच्या सोसायटीनं मिळून, मी तोंडही उघडलं नव्हतं तरी, १,४०,००० रुपये दिले. घरी आणल्यानंतर दुसऱ्या महिन्यात मी तोंड उघडलं. सहा हजार जमले. माणसं तीच होती, अण्णाही तेच होते.

तेव्हा वाईट वाटलं, आता त्यामागचं कारण कळतं. दवाखान्यात बिल असतं, आकडा असतो, आयसीयूच्या काचेपलीकडचं माणूस दिसतं. घरी काय दिसतं? एक पलंग, देखभालीला ब्यूरोकडून आलेले मामा, कोपऱ्यात डायपरचं खोकं. भेटायला आलेला माणूस चहा पितो, "आता बरे दिसतात हो," म्हणतो आणि चपला घालतो. त्याच्या लेखी संकट टळलेलं असतं. प्रत्यक्षात मेंदूच्या झटक्यानंतर शरीर सगळ्यात वेगानं परत शिकतं ते पहिल्या तीन महिन्यांत. सहा महिन्यांपर्यंत चांगली सुधारणा होते, त्यानंतरही होते पण सावकाश. म्हणजे व्यायामावर पैसा ओतायची खरी वेळ तीच, जेव्हा लोकांचं लक्ष उडालेलं असतं.

म्हणून माझं सांगणं एकच आहे: घरच्या देखभालीसाठी पैसे मागायचे ते लाखात मागू नका, महिन्यात मागा. "पाच लाख हवेत" म्हटलं की माणूस मनात स्वतःचा आकडा शोधतो आणि लाजून गप्प बसतो. "महिन्याला पाचशे, वर्षभर" याला तो हो म्हणू शकतो. भिशी चालवलेल्या कुठल्याही बाईला हे सांगावं लागणार नाही. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती आहे.

माणूस अजून दवाखान्यात असेल तर आधी हे

हा भाग घाईनं वाचा आणि घाईनं करा, कारण यातल्या बहुतेक मदती डिस्चार्जनंतर मिळत नाहीत.

महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के आर्थिक दुर्बलांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. पुण्यातली बरीच मोठी नावं या यादीत आहेत. वार्षिक कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी १,८०,००० आणि दुर्बल घटकांसाठी ३,६०,००० रुपये आहे. दुसरा आकडा नीट वाचा. महिन्याला तीस हजारांत चालणारं घर स्वतःला गरीब समजत नाही आणि त्यामुळे विचारतच नाही. रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवकांना शोधा, रेशनकार्ड आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला द्या, अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. "खाटा भरल्या आहेत" असं तोंडी उत्तर मिळालं तर तेच लिहून मागा. कागद मागितला की उत्तर कधीकधी बदलतं. तरीही अडलं तर धर्मादाय सह आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार करता येते.

राज्य सरकारची मोफत उपचारांची महात्मा फुले जन आरोग्य योजना आता फक्त पिवळ्या-केशरी कार्डवाल्यांपुरती राहिलेली नाही. १ जुलै २०२४ पासून ती राज्यातल्या सगळ्या कुटुंबांसाठी आहे, संरक्षण ५ लाखांपर्यंत. पण ती योजनेतल्या रुग्णालयात आणि ठरलेल्या उपचारांनाच लागू होते. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे या योजनेच्या मदतनीसाला, भेटा किंवा १५५३८८ वर फोन करून आपला उपचार त्यात बसतो का विचारा. वय ७० च्या पुढे असेल तर केंद्र सरकारच्या आरोग्य संरक्षणाचं आयुष्मान वय वंदना कार्ड उत्पन्न न बघता मिळतं, तेही काढून ठेवा.

मुख्यमंत्री सहायता निधी, देवस्थानं, मोठे न्यास यांची मदत साधारणपणे थेट रुग्णालयाच्या खात्यात जाते, तुमच्या हातात येत नाही. त्यामुळे घरच्या मामांच्या पगाराला ती उपयोगी नाही. पण दवाखान्याचं बिल यातून हलकं झालं तर तुमची स्वतःची शिल्लक घरच्या महिन्यांसाठी वाचते. आम्ही उलटं केलं. शिल्लक दवाखान्यात संपवली आणि मग निधीच्या अर्जांची चौकशी केली. अर्जाला रुग्णालयानं दिलेलं खर्चाचं अंदाजपत्रक लागतं, डिस्चार्ज झालेल्या माणसाचं ते कोण देणार?

उत्पन्नाचा दाखला महा ई-सेवा केंद्रातून मिळायला काही दिवस जातात. घरातल्या एकानं पहिल्या दोन दिवसांतच हे काम अंगावर घ्यावं. आयसीयूच्या बाहेर पाच जण बसून कोणालाही काही करता येत नसतं, त्यातला एक उठला तर बिघडत नाही.

वही

मागण्याआधी आकडा हवा आणि तो खरा हवा. पहिला महिना फक्त लिहून काढा. आमच्या वहीतला दुसऱ्या महिन्याचा खर्च असा होता. तुमचे दर वेगळे असतील, कोथरूड आणि लोहगावातही फरक पडतो, पण बाबी याच निघतील.

ब्यूरोचे मामा, १२ तास: २१,०००
फिजिओ घरी, २६ वेळा ५०० प्रमाणे: १३,०००
स्पीच थेरपी, ८ वेळा ७०० प्रमाणे: ५,६००
औषधं: ५,२००
डायपर आणि अंडरपॅड: ४,५००
आहार, प्रोटीन पावडर, पातळ पदार्थ घट्ट करायची पावडर: २,५००
फाउलर बेड (डोक्याकडून-पायाकडून वर करता येणारा पलंग) आणि एअर बेडचं भाडं: २,२००
डॉक्टर, तपासण्या, येणं-जाणं: २,०००

एकूण ५६,०००. यात रात्रपाळी नाही, ती मी आणि आई करत होतो. ही गोष्ट वहीत शून्य रुपये म्हणून लिहून ठेवा, पण लिहा. घरच्यांची झोप हाही खर्च आहे, आणि आई आजारी पडली की तो रोख होतो.

मग दुसऱ्या पानावर येणारा पैसा. माझे १२,०००, नाशिकच्या भावाचे १०,०००, अण्णांची पीएफची पेन्शन ३,०००, ठेवीचं व्याज ३,०००. झाले २८,०००. म्हणजे खड्डा २८,००० चा. हा आकडा बघून घाबरायला होतं. घाबरा, पण एवढ्यात कोणाला मेसेज करू नका. आधी खड्डा लहान करायचा.

खड्डा लहान करणं

पलंग आणि एअर बेड विकत घेऊ नका, खासगी भाड्यानंही लगेच घेऊ नका. जनकल्याण समितीची रुग्णोपयोगी साहित्य केंद्रं आहेत. ज्येष्ठ नागरिक संघ आणि काही गणेश मंडळंही असं साहित्य ठेवतात. अनामत आणि नाममात्र शुल्कात पलंग, व्हीलचेअर, कमोड चेअर, वॉकर मिळतं. पुण्यात जवळजवळ प्रत्येक जुन्या सोसायटीत कोणाच्या तरी माळ्यावर एक कमोड चेअर धूळ खात पडलेली असते. सोसायटीच्या ग्रुपवर एक ओळ टाका. आमचे १,५०० इथे वाचले. एअर बेडबद्दल मात्र तडजोड नको, कारण पाठीला जखम झाली की तिच्या ड्रेसिंगचा खर्च आणि यातना दोन्ही भाड्याच्या कितीतरी पट असतात. एअर बेड असला तरी दर दोन तासांनी कूस बदलावीच लागते.

औषधं जनऔषधी केंद्रातून घेऊन २,७०० वाचले. डॉक्टरांना चिठ्ठी दाखवून विचारूनच बदला. फिट्सची आणि रक्त पातळ करायची औषधं परस्पर बदलायची नाहीत. डायपर घाऊक दुकानातून खोक्यानं आणले, ८०० वाचले. एकूण पाच हजार. खर्च ५१,००० वर आला.

फिजिओचे दिवस कमी करून पैसे वाचवायचा मोह सगळ्यात आधी होतो, कारण ती रक्कम डोळ्यात भरते. पहिल्या सहा महिन्यांत तो टाळा. त्याऐवजी फिजिओला सांगा की मामांना आणि आम्हाला व्यायाम शिकवा, म्हणजे दिवसातली दुसरी-तिसरी वेळ घरचे करतील. आणि उठवताना लुळा हात ओढायचा नाही, खांदा निखळतो, हे घरी येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी सांगा. आमच्याकडे प्रेमानं हात धरून उठवायला आलेल्या एका पाहुण्यांमुळे तीन आठवडे खांदेदुखीत गेले.

घरातच पडून असलेला पैसा

लोकांपुढे हात पसरण्याआधी कपाटातली फाईल काढा. एक संध्याकाळ जाते.

मेडिक्लेम असेल तर डिस्चार्जनंतरच्या ठरावीक दिवसांचा, बऱ्याच पॉलिसींत ६० दिवसांचा, त्याच आजाराचा खर्च मिळतो. औषधं आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली फिजिओथेरपी त्यात बसू शकते. यासाठी फिजिओचं पावती-पुस्तक आणि डॉक्टरांची चिठ्ठी लागते. फिजिओला पहिल्या दिवसापासून पावती मागा, दोन महिन्यांनी एकदम मागितली की अडचण होते. "क्रिटिकल इलनेस" नावाची पॉलिसी किंवा आयुर्विम्याला जोडलेलं तसं जादा संरक्षण, म्हणजे रायडर, असेल तर तो नीट वाचा. पक्षाघातासाठी त्यात साधारण अट असते की तीन महिन्यांनंतरही दुर्बलता टिकून असल्याचा पुरावा हवा. म्हणजे दावा पहिल्या आठवड्यात फेटाळला तरी विषय संपलेला नसतो. गृहकर्ज घेताना बँकेनं गळ्यात मारलेली पॉलिसीही तपासा.

लकवा अपघातानं, मणक्याला मार लागून आला असेल तर रस्ता वेगळा. बँकेतून वर्षाला २० रुपये कापले जाणारी पंतप्रधान सुरक्षा विमा योजना ७० वर्षांपर्यंत असते आणि दोन्ही पाय किंवा दोन्ही हात कायमचे निकामी झाल्यास २ लाख देते. गाडीचा अपघात असेल तर मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा होतो, त्यासाठी वकील लवकर गाठा.

तुमच्या पगारातून पीएफ कापला जात असेल तर आई-वडिलांच्या आजारपणासाठी त्यातून आगाऊ रक्कम काढता येते. पगार २१,००० पर्यंत असून ईएसआय, म्हणजे कामगार विमा, कापला जात असेल तर तुमच्यावर अवलंबून असलेले आई-वडीलही त्यात येतात. बिबवेवाडीच्या ईएसआय रुग्णालयात चौकशी करा. माझ्या मैत्रिणीला चार वर्षं ईएसआय कापला जात असूनही आईचं नाव त्यात घालता येतं हे माहीत नव्हतं.

दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढा. मेंदूच्या आजारात मूल्यमापन साधारण सहा महिन्यांनंतर होतं, तेव्हा ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. अर्ज सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर करायचा आणि तपासणीला ससून किंवा औंधचं जिल्हा रुग्णालय. त्यावर जुनी आयकर प्रणाली निवडणाऱ्या मुलाला ४० टक्के दिव्यांगत्वावर ७५,००० आणि ८० टक्क्यांवर १,२५,००० रुपयांची वजावट मिळते. उत्पन्न फारच कमी असेल तर संजय गांधी निराधार योजनेची तहसील कार्यालयात चौकशी करा. ६५ वर्षांपुढच्यांना मुख्यमंत्री वयोश्री योजनेत साधनांसाठी एकदा ३,००० रुपये मिळतात. एक इशारा: "निरामय" विम्याचं नाव कोणीतरी नक्की सुचवेल. तो ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी अशा ठरावीक दिव्यांगत्वांसाठी आहे, पक्षाघातासाठी नाही. त्यात दोन फेऱ्या घालवू नका.

अण्णांचा उजवा हात गेला, सही गेली, आणि त्यांच्याच खात्यातले त्यांचेच पैसे अडकले. बँकेतल्या एका काउंटरवर मला "त्यांना घेऊन या" असं सांगण्यात आलं. स्ट्रेचरवर? रिझर्व्ह बँकेच्या सूचना स्पष्ट आहेत. सही करू न शकणाऱ्या आजारी खातेदाराचा अंगठा, तोही शक्य नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसा, बँकेला माहीत असलेल्या दोन साक्षीदारांसमोर चालतो आणि त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा. शाखाधिकाऱ्यांना लेखी अर्ज देऊन घरी भेट मागा. आमच्याकडे मग दोघे जण आले, चहा घेतला, वीस मिनिटांत काम झालं.

पैसे कोणाच्या खात्यात घ्यायचे

या प्रश्नाकडे कोणी बघत नाही आणि मार्चमध्ये सीए बघायला लावतो. नातेवाइकांव्यतिरिक्त इतरांकडून वर्षभरात मिळून ५०,००० च्या वर आलेली रक्कम, कारण कितीही करुण असलं तरी, घेणाऱ्याचं उत्पन्न धरली जाते, आणि तीही पूर्ण, वरची तेवढीच नाही. "नातेवाईक" म्हणजे कायद्यात दिलेले नातेवाईक. त्यात सख्खी भावंडं, आई-वडील, मुलं आणि आई-वडिलांची भावंडं येतात. चुलत-मावस भावंडं येत नाहीत. गंमत अशी की काकानं पुतण्याला दिलेले पैसे करमुक्त, पुतण्यानं काकाला दिले तर नाहीत. कायदा लिहिणाऱ्यांच्या घरी पुतणे नसावेत.

मी पहिल्या तीन महिन्यांचे पैसे माझ्या यूपीआयवर घेतले, म्हणजे ते माझ्या पगारावर जाऊन बसले. नंतर अण्णांच्या नावाचं, माझं नाव दुसरं असलेलं वेगळं खातं काढलं. आजारी माणसाचं स्वतःचं उत्पन्न सहसा कमी असतं. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत ४ लाखांपर्यंत कर नाही आणि सूट धरली तर १२ लाखांपर्यंतही भरावा लागत नाही. आमची वर्षाची मागणी पावणेतीन लाख, अधिक पेन्शन आणि व्याज, म्हणजे कर शून्य. तुमचं गणित सीएकडून एकदा तपासून घ्या, पाचशे रुपये फी घेतली तरी वसूल आहे. वेगळ्या खात्याचा दुसरा फायदा असा की त्याचं स्टेटमेंट हाच हिशेब.

परदेशातल्या मित्रांपैकी भारतीय पासपोर्ट असलेल्यांनी आपल्या एनआरआय खात्यातून पाठवलेले पैसे परदेशी देणगी ठरत नाहीत. तिकडचं नागरिकत्व घेतलेल्यांचं तसं नाही. त्यांच्याकडून थेट खात्यात घेण्याआधी सल्ला घ्या.

आणि दान पेटी घेऊन सोसायट्यांतून फिरणं, पावती पुस्तक छापणं, हे करू नका. वर्गणीसाठी गणेश मंडळांनाही धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. ओळखीच्या वर्तुळात मागणं वेगळं आणि सार्वजनिक निधी गोळा करणं वेगळं.

ज्यांच्यासाठी मागतोय त्यांना विचारलं का?

अण्णांची वाचा गेली होती, समज गेली नव्हती. हे कळायला आम्हाला महिना लागला. तोवर त्यांच्या पलंगाशेजारी उभं राहून आम्ही पैशांची चर्चा करत होतो. एकदा त्यांनी डावा हात पलंगाच्या कठड्यावर आपटला, तेव्हा लक्षात आलं.

मग त्यांना विचारलं. डावा अंगठा वर म्हणजे हो, मूठ म्हणजे नाही. पैसे मागायचे? बऱ्याच वेळानं अंगठा. कंपनीतल्या लोकांकडे? अंगठा. भावकीत? मूठ. नळी घातलेला फोटो? मूठ, मूठ, मूठ. शेवटी सिंहगडाच्या पायथ्याशी सायकल धरून उभे असलेले अण्णा, असा जुना फोटो त्यांनीच निवडला. दयेचा फोटो जास्त पैसे आणतो असं म्हणतात. आणत असेल. पण बरा झालेला माणूस नंतर त्याच लोकांत वावरणार असतो, आणि महिन्याच्या देणगीला दयेपेक्षा ओळख जास्त पुरते. त्या सायकलवरून कंपनीतल्या दोघांनी त्यांच्या किस्स्यांचे लांब मेसेज केले आणि तेच दोघे आजही टिकून आहेत.

मागणं

खड्डा आता २३,०००. त्याचे तुकडे केले: ५०० देणारे ४० आणि १,००० देणारे ३. मग यादी. अण्णांचे सहकारी, आमच्या दोघांच्या शाळेच्या बॅचेस, आईचं भजनी मंडळ, सोसायटी, माझं ऑफिस. प्रत्येक गटात एक माणूस असा शोधा जो तुमच्या वतीनं बोलेल. स्वतःच्या वडिलांसाठी मागताना घसा दाटतो, दुसऱ्याच्या वडिलांसाठी मागताना आवाज खणखणीत असतो. ग्रुपवर टाकण्याआधी त्या गटातल्या चार-पाच जणांशी फोनवर बोला आणि त्यांचा होकार घ्या. ग्रुपवर पहिला "मी आहे" कोणाचा तरी असावा लागतो, नाहीतर मेसेज हात जोडल्याच्या चिन्हांखाली गाडला जातो.

आम्ही पाठवलेला मजकूर असा:

"नमस्कार. अण्णांना तीन महिन्यांपूर्वी पक्षाघात झाला. उजवी बाजू आणि बोलणं गेलं. आता ते आधारानं पाच मिनिटं बसतात, 'हो' म्हणतात. डॉक्टरांच्या मते पुढचं वर्ष रोजचा व्यायाम महत्त्वाचा आहे. घरचा महिन्याचा खर्च ५१,००० आहे. अण्णांची पेन्शन आणि आम्ही भावंडं मिळून २८,००० भागवतो. २३,००० कमी पडतात. बारा महिने दरमहा ५०० रुपये देऊ शकतील असे ४० जण आम्ही शोधतोय. खातं अण्णांच्या नावावर आहे. दर महिन्याच्या ५ तारखेला हिशेब आणि अण्णांची प्रगती कळवू. जमणार नसेल तर कळवायचीही गरज नाही, भेटायला मात्र जरूर या, त्यांना माणसं हवी असतात."

यातली कुठलीही ओळ काढली तरी चालेल, "आम्ही भावंडं मिळून २८,०००" ही काढू नका. मुलं काय करतायत, हा प्रश्न प्रत्येकाच्या मनात असतो आणि पुण्यात तो तोंडावरही येतो. मजकूर शनिवारी संध्याकाळी नको, महिन्याच्या २ ते ५ तारखेला पाठवा, पगार झालेले असतात.

आम्हाला ४३ हवे होते. ५३ जण हो म्हणाले. तिसऱ्या महिन्यात ३९ उरले. म्हणून गरजेपेक्षा पाव हिस्सा जास्त माणसं जोडा आणि देणाऱ्यांना बँकेत स्थायी सूचना द्यायला सांगा. दर महिन्याला आठवण करावी लागली की दोघंही कंटाळतात. थांबलेल्याला का थांबलात असं विचारायचं नाही. हिशेब त्यांनाही जात राहू द्या. त्यातले चार जण दिवाळीत परत आले.

पैसे न देऊ शकणाऱ्यांकडून वेळ मागा. मामांच्या महिन्याच्या चार सुट्ट्यांना आमच्याच बिल्डिंगमधले दोन निवृत्त काका आळीपाळीनं दोन-दोन तास बसायचे. बदली माणसाचे पैसे वाचले, आणि क्रिकेटवर वाद घालताना अण्णांच्या तोंडून झटक्यानंतरचा दुसरा शब्द निघाला. तो इथे लिहिण्यासारखा नाही.

मिलाप, केटो, इम्पॅक्टगुरू वगैरे

लोकांकडून ऑनलाइन मदत गोळा करून देणाऱ्या या संकेतस्थळांचा उपयोग मोठ्या, एकरकमी, तातडीच्या खर्चाला चांगला होतो. घरच्या देखभालीलाही मोहीम उघडता येते, पण अनोळखी लोक तिथे आपोआप येतील ही समजूत सोडा. सुरुवातीचे पैसे तुमच्याच ओळखीतून येतात आणि मग गाडी हलली तर हलते. शुल्क "शून्य" लिहिलेलं असलं तरी पेमेंटचा खर्च कुठे जातो, देणाऱ्याकडून टिप आपोआप धरली जाते का, पैसे किती दिवसांत आणि कोणाच्या खात्यात येतात, ही उत्तरं लेखी घ्या. तुमच्या वडिलांच्या मोहिमेला दिलेल्या पैशांवर देणाऱ्याला ८०जी ची करसवलत मिळत नाही. ती नोंदणीकृत संस्थेला दिलेल्या देणगीवर असते. तसं आश्वासन चुकूनही देऊ नका.

मोहीम उघडली की फोन सुरू होतात. "तीस टक्के द्या, तुमची मोहीम व्हायरल करतो." "पंतप्रधान निधीतून बोलतोय, फाईल मंजूर आहे, प्रोसेसिंग फी भरा." पैसे घेण्यासाठी पिन किंवा ओटीपी कधीच लागत नाही. घरातल्या थकलेल्या, रात्रभर जागलेल्या माणसाला हे माहीत असूनही तो फसतो, म्हणून मोहिमेवर त्याचा नंबर देऊ नका, जरा झोप झालेल्या नातेवाइकाचा द्या.

पाच तारीख

हिशेब एका पानाचा. आले किती, गेले किती, शिल्लक किती, खाली अण्णांबद्दल तीन ओळी. देणाऱ्यांची नावं आणि रकमा ग्रुपवर टाकू नका. ज्याला शंभरच जमले त्याला ती यादी टोचते. ब्यूरोला दिलेली अनामत, फिजिओच्या पावत्या, औषधांची बिलं यांचे फोटो एका फोल्डरमध्ये ठेवा, मागेल त्याला दाखवा. आमच्याकडे एका गृहस्थांनी विचारलं, डायपर या महिन्यात जास्त कसे? जुलाब झाले होते. तसं कळवलं. ते अजून देतात.

वाईट बातमीही पाच तारखेलाच कळवा. पाचव्या महिन्यात अण्णांना निमोनिया झाला, पुन्हा भरती, प्रगती दोन महिने मागे. मला वाटलं लोक म्हणतील पैसे वाया गेले. त्या महिन्यात सर्वात जास्त रक्कम जमा झाली.

पहिल्याच मेसेजमध्ये बारा महिन्यांची मुदत का घातली ते आता सांगते. मुदत नसेल तर देणारा सुरुवात करायला घाबरतो, आणि तुम्हालाही थांबता येत नाही. दहाव्या महिन्यात वही पुन्हा उघडली. फिजिओ आठवड्यातून तीन दिवसांवर आली होती, मामांची गरज सकाळच्या चार तासांपुरती उरली होती, खर्च ३०,००० च्या आत आला. बाराव्या महिन्याच्या पाच तारखेला आम्ही शेवटचा हिशेब पाठवला. शिल्लक ११,४०० होती. तिचं काय करायचं हे देणाऱ्यांना विचारलं, बहुतेकांनी "ठेवा" लिहिलं. दोन हजारांची वॉकिंग स्टिक घेतली आणि बाथरूमला कठडे बसवले. बाकीचे त्या खात्यातच आहेत, आणि व्हीलचेअर सध्या तिसऱ्या मजल्यावरच्या आजींकडे आहे.